पहिला प्रश्न भाषेचा

आज आपण कर्णबधिर मुलांच्या शाळांविषयी बोलणार आहोत. मूल ऐकू शकत नाही हे कळलं, की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘हा बोलायला कधी लागेल?’ मला वाटतं, हा प्रश्न दुसरा असायला हवा. पहिला प्रश्न असा, की या मुलाला भाषा कधी मिळेल? बोलणं आणि भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे नीट समजून घ्यायचं असेल, तर एका शाळेच्या मधल्या सुट्टीत जावं लागेल.

मध्य अमेरिकेत निकाराग्वा नावाचा छोटा देश आहे. तिथली बहुतेक बधिर मुलं पूर्वी आपापल्या घरात एकटी वाढत. जेव, झोप, इकडे ये, अशा मोजक्या खुणांवर सगळा व्यवहार चाले. १९७७ मध्ये राजधानी मानाग्वात अशा मुलांची शाळा सुरू झाली. १९८० मध्ये मोठ्या मुलांना व्यवसाय शिकवणारी शाळा निघाली. थोड्याच वर्षांत दोन्हीकडे मिळून चारशेहून अधिक मुलं जमली.

वर्गात शिक्षक स्पॅनिश शब्द आणि ओठांवरून बोलणं ओळखायला शिकवत होते. त्याला फारसं यश येत नव्हतं. पण मधल्या सुट्टीत आणि शाळेच्या बसमध्ये वेगळंच काही चाललं होतं. प्रत्येक मूल आपल्या घरच्या खुणा घेऊन आलं होतं. त्या एकमेकांत मिसळल्या, काही टिकल्या, काही गळाल्या. शिक्षकांना मुलांच्या गप्पा कळेनात. तेव्हा १९८६ मध्ये जुडी केगल या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ बाईंना बोलावण्यात आलं. त्यांना काय दिसलं? अगदी लहान वयात शाळेत आलेली मुलं मोठ्या मुलांपेक्षा जास्त सफाईने बोलत होती, अर्थात हातांनी. त्यांच्या खुणांना व्याकरण होतं. एक नवी भाषा जन्माला येत होती आणि ती कुणी मोठ्या माणसाने शिकवलेली नव्हती.

यातून दोन गोष्टी कळतात. भाषा फुलायला सोबत लागते आणि ती लहान वयात मिळावी लागते. बहुतेक बधिर मुलांचे आईवडील ऐकू येणारे असतात. त्यामुळे ही भाषा त्यांना घरात आयती मिळत नाही. पुष्कळांना ती शाळेतच भेटते. म्हणून शाळा कोणती भाषा चालू देते, याला एवढं महत्त्व आहे.

आता थोडं मागे जाऊ. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये शार्ल मिशेल द लेपे या धर्मगुरूंनी बधिर मुलांसाठी मोफत शाळा काढली आणि खुणांच्या आधारे शिकवलं. त्याच शाळेत शिकलेले आणि पुढे तिथेच शिक्षक झालेले लोराँ क्लेर अमेरिकेत गेले. १८१७ मध्ये थॉमस गॅलॉडेट यांच्यासोबत त्यांनी हार्टफर्डला शाळा सुरू केली. म्हणूनच अमेरिकेची सांकेतिक भाषा फ्रान्सच्या भाषेला जवळची आहे आणि ब्रिटनच्या भाषेपेक्षा वेगळी. इंग्रजी एकच असली, तरी हात वेगळं बोलतात!

पण १८८० मध्ये इटलीतल्या मिलान शहरात शिक्षकांची परिषद भरली. तिथे ठराव झाला, की बधिर मुलांना शिकवताना तोंडी बोलण्यालाच प्राधान्य द्यायचं. मत देणाऱ्या दीडशेहून अधिक प्रतिनिधींत बधिर माणूस होता फक्त एक. विचार करा, कुणाच्या आयुष्याचा निर्णय कोण घेत होतं! त्यानंतर अनेक देशांत वर्गातून खुणा हद्दपार झाल्या, बधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, हात हलवले म्हणून मुलांना शिक्षा झाल्या. याच परिषदेच्या परंपरेतल्या व्हँकुव्हरच्या परिषदेने ते ठराव जाहीरपणे नाकारले २०१० मध्ये, म्हणजे १३० वर्षांनी.

मधल्या काळात बधिर मंडळी गप्प बसली नव्हती. वॉशिंग्टनचं गॅलॉडेट विद्यापीठ १८६४ पासूनचं, पण तिथे बधिर अध्यक्ष कधी झालाच नव्हता. मार्च १९८८ मध्ये पुन्हा ऐकू येणाऱ्या व्यक्तीची निवड झाली, तेव्हा विद्यार्थ्यांनी विद्यापीठ बंद पाडलं. आठवड्याभरात आय. किंग जॉर्डन पहिले बधिर अध्यक्ष झाले.

आणि आपल्याकडे? मुंबईत १८८० च्या दशकात आणि कलकत्त्याला १८९३ मध्ये अशा शाळा सुरू झाल्या. तोंडी पद्धतीचा पगडा आपल्याकडेही दीर्घकाळ राहिला. आता २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो, की बधिर मुलांना त्यांना योग्य अशा भाषेत आणि पद्धतीने शिकवावं. २०१५ पासून दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेसाठी राष्ट्रीय संस्था आहे आणि तिने दहा हजार शब्दांचा कोश केला आहे. पण कोश काही वर्गात जाऊन शिकवत नाही. त्याला हातांनी अस्खलित बोलणारा शिक्षक लागतो, शक्यतो स्वतः बधिर असलेला.

शेवटी पालकांसाठी एक गोष्ट. श्रवणयंत्र लावा, कॉक्लिअर इम्प्लांटबद्दल डॉक्टरांना विचारा, बोलण्याचा सराव जरूर करून घ्या. पण त्याचा परिणाम दिसेपर्यंत मुलाला भाषेविना ठेवू नका. आजपासून दहा खुणा तुम्हीही शिका. शाळा बघायला जाल, तेव्हा वर्गातला निकाल विचाराच, पण मधल्या सुट्टीपर्यंत थांबा. मुलांचे हात मोकळेपणाने चालताना दिसले, तर तिथे भाषा आहे असं समजा.

भेटूया पुढच्या भागात.