दार ओढून घेतलेले बरे

९ जानेवारी २०२१. मध्यरात्र उलटून गेल्यावर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू अतिदक्षता कक्षात आग लागली. कक्षात १७ बाळे होती. एका भागातील १० बाळे दगावली, शेजारच्या भागातील ७ बाळांना बाहेर काढता आले. दगावलेल्यांपैकी ३ बाळे भाजल्याने गेली आणि ७ धुरात गुदमरून, असे तेव्हा सरकारने सांगितले होते. सरकारी दवाखान्यात काम करणाऱ्या माझ्यासारख्याला हा हिशेब विसरता येत नाही.

आगीत माणूस जळून मरतो, असा आपला समज. प्रत्यक्षात धूर ज्वाळांच्या आधी पोहोचतो. त्यातील कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्यात गादीचा फोम जळाला, तर सायनाइडही तयार होते. माणूस भांबावतो, पाय लटपटतात, समोरचा जिना सापडत नाही. बोटाला लावायचे ऑक्सिमीटरही इथे फसते आणि आकडा चांगला दाखवते. म्हणून धुरात सापडलेला माणूस ‘मला बरे आहे’ म्हणाला, तरी त्याला दवाखान्यात आणावे.

हा धूर अडवण्यासाठी मोठ्या इमारतींत अग्निरोधक दारे बसवतात. ती आग साधारण एक ते दोन तास थोपवतात. कडेची पट्टी उष्णतेने फुगते आणि फट बुजवते. रुग्णालयात याचे मोल अधिक, कारण व्हेंटिलेटरवरचा रुग्ण जिन्याने खाली नेता येत नाही. त्याला खाटेसह त्याच मजल्यावर, दारापलीकडच्या सुरक्षित भागात सरकवायचे आणि मागे दार लावायचे.

पण दार उघडे असेल, तर त्याचा उपयोग शून्य. ये-जा सोपी व्हावी म्हणून अशा दाराला वीट लावून ठेवलेली मी स्वतः पाहिली आहे. ती वीट आजच काढा.

आपल्या शिरपूरच्या घरांत अशी दारे कुठून असणार? पण साधे लाकडी दार बंद असले, तरी धूर बराच वेळ अडतो. त्यामुळे आग लागलेल्या खोलीतून सगळे बाहेर पडले, की दार ओढून घ्या. धुरातून जावे लागले, तर खाली वाकून, रांगत जा. जमिनीलगतची हवा त्यातल्या त्यात बरी असते. तोंडावरचे ओले फडके काजळी अडवते, कार्बन मोनॉक्साईड नाही. जिना धुराने भरला असेल, तर खोलीतच थांबा, दाराच्या फटीत ओले कपडे कोंबा, रस्त्याकडची खिडकी गाठा आणि १०१ किंवा ११२ वर फोन करा.

अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला आलेले यात्रेकरू धर्मशाळेत उतरतात. नवख्या माणसाला अंधारात वाट कळत नाही. खोलीची किल्ली देताना त्याला जिनाही दाखवा. एवढ्याला पैसा लागत नाही.