खेळाडूंच्या अदलाबदलीत सरशी कोणाची? मुंबई इंडियन्सच्या व्यवहारांच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना

व्यावसायिक क्रीडाक्षेत्रात खेळाडू हा संघाचा घटक असतो, त्याचप्रमाणे तो संघाच्या मालमत्तेचाही भाग असतो. दोन संघांनी परस्परांतील खेळाडूंची अदलाबदल केली की, या व्यवहारात कोणाची सरशी झाली, हा प्रश्न ओघानेच उपस्थित होतो. वानखेडे मैदानाशी पश्चिम रेल्वेच्या एकाच मार्गाने जोडलेल्या मीरा-भाईंदर परिसरात, नया नगरसारख्या दाट वस्तीत, मुंबई संघाविषयीची ही चर्चा नवी नाही. मात्र या प्रश्नाचे उत्तर बहुधा गुणतक्त्याकडे पाहून दिले जाते. हे उत्तर सोपे असले तरी पुष्कळदा चुकीचे असते. इंडियन प्रीमियर लीगमधील मुंबई इंडियन्स या संघाच्या काही व्यवहारांच्या आधारे या मूल्यमापनाचे निकष तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२००९ मधील दोन व्यवहार

फेब्रुवारी २००८ मध्ये मुंबईत झालेल्या पहिल्या लिलावात मुंबई संघाने रॉबिन उथप्पासाठी ८ लाख डॉलर मोजले, तर बंगळूरच्या रॉयल चॅलेंजर्स संघाने झहीर खानला साडेचार लाख डॉलरला घेतले. २००९ च्या हंगामापूर्वी या दोघांची अदलाबदल झाली. मूळचा श्रीरामपूरचा झहीर मुंबईकडे आला आणि उथप्पा बंगळूरकडे गेला. त्याच सुमारास मुंबईने आशिष नेहराला दिल्ली डेअरडेव्हिल्सकडे पाठवून शिखर धवनला आपल्याकडे घेतले. केवळ लिलावाच्या बोलीवर निकाल द्यायचा तर पहिल्या व्यवहारात बंगळूरचाच फायदा दिसतो. कारण बाजाराने उथप्पाची किंमत झहीरच्या जवळजवळ दुप्पट ठरवली होती.

२००९ चा हंगाम दक्षिण आफ्रिकेत खेळवला गेला. खांद्याच्या दुखापतीमुळे झहीरला तो अर्ध्यावरच सोडावा लागला. मुंबईचा संघ सातव्या स्थानावर राहिला, तर आदल्या वर्षी सातवा असलेला बंगळूरचा संघ थेट अंतिम सामन्यात पोहोचला आणि डेक्कन चार्जर्सकडून अवघ्या ६ धावांनी पराभूत झाला. दिल्लीने साखळीत अग्रस्थान मिळवले आणि नेहराने १९ बळी घेतले. धवनला मुंबईकडून मोजक्याच सामन्यांत संधी मिळाली. गुणतक्ता प्रमाण मानला, तर मुंबई दोन्ही व्यवहारांत हरली, असे म्हणावे लागेल.

परंतु बंगळूरच्या या झेपेत उथप्पाचा वाटा किती होता? संपूर्ण हंगामात त्याच्या २०० धावाही झाल्या नाहीत. संघाला अंतिम फेरीपर्यंत नेण्यात कर्णधार अनिल कुंबळेच्या २१ बळींचे मोल कितीतरी मोठे होते, आणि कुंबळेचा या अदलाबदलीशी काही संबंध नव्हता. संघाचे यश आणि व्यवहाराचे यश या दोन वेगळ्या बाबी आहेत. पहिल्यावरून दुसऱ्याचे अनुमान काढणे, हा या विषयातील सर्वाधिक आढळणारा दोष होय.

२०१० मध्ये चित्र पालटले. झहीरने १५ बळी घेतले आणि मुंबईचा संघ प्रथमच अंतिम फेरीत दाखल झाला. तेथे त्याला चेन्नईकडून २२ धावांनी हार पत्करावी लागली. गंमत अशी की, उथप्पाची कामगिरीही याच हंगामात बहरली. त्याने ३७४ धावा केल्या, त्याही शंभर चेंडूंमागे १७० हून अधिक धावांच्या गतीने. म्हणजे ज्या वर्षी बंगळूर अंतिम फेरीत पोहोचले, त्या वर्षी उथप्पा अपयशी ठरला होता. आणि ज्या वर्षी तो यशस्वी झाला, त्या वर्षी अंतिम फेरी मुंबईने गाठली.

पर्यायाचा विचार

येथे एक बाब सहसा नजरेतून सुटते. मुंबईने नेहरा हा डावखुरा वेगवान गोलंदाज दिला आणि झहीर हा डावखुराच वेगवान गोलंदाज घेतला. उथप्पा हा आघाडीचा फलंदाज दिला आणि धवन हा आघाडीचाच फलंदाज घेतला. त्यामुळे मुंबईच्या दृष्टीने हे दोन व्यवहार वस्तुतः एकच होते, आणि त्यांचा हिशेबही एकत्रच मांडला पाहिजे. या हिशेबात २००९ मध्ये मुंबईचे गोलंदाजीत नुकसान झाले, ते २०१० मध्ये काहीसे भरून निघाले. फलंदाजीत मात्र, नुसत्या धावा मोजल्या तर, धवन उथप्पाच्या तुलनेत मागेच राहिला.

तरीही २०१० मध्ये मुंबईला उथप्पाची उणीव भासली नाही. सचिन तेंडुलकरच्या ६१८ धावांना सौरभ तिवारीच्या ४१९ आणि अंबाती रायुडूच्या ३५६ धावांची जोड मिळाली. तिवारी आणि रायुडू हे दोघेही तोवर भारतीय संघाकडून खेळलेले नव्हते. गेलेल्या खेळाडूची जागा देशांतर्गत क्रिकेटमधील फलंदाज भरून काढू शकत असतील, तर त्याला गमावण्याची खरी किंमत त्याच्या धावांच्या आकड्याहून बरीच कमी ठरते. याउलट, नव्या चेंडूने बळी मिळवणारा भारतीय वेगवान गोलंदाज सहजासहजी उपलब्ध नसतो. परदेशी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा असलेल्या स्पर्धेत हा फरक निर्णायक असतो. या निकषावर, दोन हंगामांचा एकत्रित विचार करता, मुंबईचे पारडे किंचित जड ठरते.

दोनच हंगाम का? कारण २०११ च्या लिलावापूर्वी हे चारही खेळाडू आपापल्या संघांतून मोकळे झाले. झहीर पुन्हा बंगळूरकडे गेला, उथप्पा व नेहरा पुणे वॉरियर्सकडे गेले आणि धवन डेक्कन चार्जर्सकडे. धवनने पुढे या स्पर्धेत एकूण ६,७६९ धावा केल्या. त्यांपैकी २०१० नंतरच्या धावा मुंबईच्या त्या व्यवहाराच्या खात्यात जमा करता येत नाहीत. मुंबईने त्याला राखले नाही, हा स्वतंत्र निर्णय होता आणि त्याचे मूल्यमापनही स्वतंत्रपणेच व्हावयास हवे.

उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगमध्ये मात्र याच्या उलट उदाहरण सापडते. १९९२ मध्ये क्वेबेकने एरिक लिंड्रोसला फिलाडेल्फियाकडे सोपवून त्याच्या बदल्यात पीटर फोर्सबर्गसह अनेक खेळाडू, नवोदित खेळाडू निवडण्याचे हक्क आणि दीड कोटी डॉलर मिळवले. लिंड्रोस १९९५ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. परंतु क्वेबेकचा संघ कोलोरॅडोला स्थलांतरित होऊन १९९६ मध्ये विजेता झाला. तेथे मिळालेले खेळाडू आणि हक्क पुढेही उपयोगी पडत राहिले, म्हणून हिशेबाचा कालावधी लांबला. कालावधी कराराच्या स्वरूपावरून ठरवावा लागतो, चाहत्यांच्या स्मरणशक्तीवरून नव्हे.

२०२३ चा व्यवहार

नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरात टायटन्सकडून मुंबईकडे परतला. त्यासाठी पैसा उभा करताना मुंबईने कॅमेरून ग्रीनला साडेसतरा कोटी रुपयांच्या व्यवहारात बंगळूरला दिले. या प्रकरणात खेळाडूच्या बदल्यात खेळाडू नव्हता. गुजरातला मिळालेली हस्तांतराची रक्कमही जाहीर करण्यात आली नाही. हिशेबाची एक बाजू झाकलेली असताना निकाल देणे धाडसाचेच ठरते. तरीही वृत्तवाहिन्यांवरील समालोचकांनी तो हंगाम सुरू होण्यापूर्वीच देऊन टाकला होता.

डिसेंबरमध्ये रोहित शर्माऐवजी हार्दिकची कर्णधारपदी नेमणूक झाली. एप्रिल २०२४ मध्ये वानखेडेवरील पहिल्याच सामन्यात प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. व्यवहार व्यवस्थापनाने केला. त्याचा जाब मात्र मैदानावर उभ्या असलेल्या खेळाडूला द्यावा लागला. खेळाडूची संमती या व्यवहाराला आवश्यक असते हे खरे. पण वाटाघाटींची सूत्रे संघांच्याच हाती असतात. आपल्या संघाने मुक्त करण्यापूर्वीच दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केल्याबद्दल रवींद्र जडेजाला २०१० च्या संपूर्ण हंगामास मुकावे लागले होते.

२०२४ मध्ये मुंबईचा संघ १४ पैकी ४ सामने जिंकून तळाला गेला. परंतु त्याच वर्षी गुजरातही आठव्या स्थानी घसरला. एकाच व्यवहारातील दोन्ही पक्ष एकाच वेळी खाली येऊ शकतात, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. ग्रीनची बंगळूरमधील कारकीर्द एका हंगामाची ठरली. २०२५ मध्ये बंगळूर प्रथमच विजेते झाले, तेव्हा तो संघात नव्हता.

३० मे २०२५ रोजी मुल्लनपूर येथे बाद फेरीत मुंबई आणि गुजरात समोरासमोर आले. मुंबईने २० धावांनी विजय मिळवला आणि अनेकांच्या लेखी २०२३ च्या व्यवहाराचा निकाल लागला. त्या दिवशी सामनावीर ठरला तो ८१ धावा करणारा रोहित शर्मा. हार्दिक येण्यापूर्वी तो मुंबईच्याच संघात होता, आणि हार्दिकच्या आगमनामुळे कर्णधारपद गेले तेही त्याचेच.