साथीच्या मागावर मोबाईल

साथ आली की आम्हा डॉक्टरांना पहिला प्रश्न पडतो तो औषधाचा नसतो. रोगी कुणाकुणाच्या सहवासात आला, हा असतो. त्याचे उत्तर मिळण्यास जितका उशीर, तितका साथीचा फैलाव अधिक. हे काम पूर्वी वही आणि पायपिटीवर चाले. त्यात मोबाईलने काय फरक पडतो, हे आफ्रिकेतील नायजेरियात दिसून आले.

२० जुलै २०१४ रोजी लायबेरियाहून आलेला एक आजारी प्रवासी लागोस शहरात विमानातून उतरला. त्याला इबोला झाला होता. रोग्याचे रक्त, उलटी, विष्ठा यांच्याशी प्रत्यक्ष संबंध आल्याने हा रोग होतो. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा अधिशयन काळ २ ते २१ दिवसांचा असतो आणि तोवर तो माणूस दुसऱ्याला रोग देत नाही. म्हणून संपर्कातील प्रत्येकाचा ताप २१ दिवस रोज पाहायचा आणि ताप दिसताच त्याला वेगळे ठेवायचे, असे ठरले.

असे ८९४ लोक निघाले. त्यांच्यासाठी सुमारे १८,५०० घरभेटी झाल्या! कागदावरची नोंद केंद्रात पोहोचायला तासन् तास लागत. मग कार्यकर्त्यांना मोबाईल दिले आणि तापाचा आकडा दारातूनच केंद्रात जाऊ लागला. पोलिओ मोहिमेत वापरलेली, उपग्रहाच्या साहाय्याने घराची जागा नोंदवण्याची पद्धतही इथे कामी आली. एकूण रुग्ण २०, मृत्यू ८. २० ऑक्टोबर २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने नायजेरिया इबोलामुक्त जाहीर केला. अर्थात, दार वाजवायला माणूसच लागला.

पण त्याच मोबाईलवरून एक अफवाही पसरली: मिठाचे पाणी प्यायल्याने इबोला होत नाही! ते पिऊन किमान दोघे दगावले. (आपली जलसंजीवनी वेगळी. तिच्यात मीठ मोजून, साखरेबरोबर असते. नुसते खारट पाणी भरपूर प्यायल्यास रक्तातील क्षार वाढून मेंदूला इजा होते.)

आपल्याकडे एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प २००४ साली सुरू झाला आणि २०२१ पासून त्याच्या नोंदी नव्या संगणकीय व्यवस्थेत होऊ लागल्या. तरी पहिली खबर आपल्यालाच द्यावी लागते. आळीतील दोन-तीन घरांत एकाच वेळी जुलाब सुरू झाले, तर आशाताईंना किंवा आरोग्यसेविकेला लगेच फोन करा. किती जण आजारी आहेत, केव्हापासून आणि पाणी कोणत्या विहिरीचे वा नळाचे, एवढे सांगा.