प्लॅस्टिकची वाटी रक्त कसे तपासते?



कुपत खोलीममध्ये रक्त द्यायला आपण सगळेच जातो. नर्सबाई नळी भरून घेतात आणि काही दिवसांनी निकाल हाती येतो. मधल्या वेळात त्या रक्ताचे काय होते, ते आज पाहू. शाळेत असतो तर आम्ही फळ्यावर चित्र काढले असते. येथे शब्दांवरच भागवू.

पुष्कळ तपासण्या प्लॅस्टिकच्या इवल्याशा वाट्यांत होतात. तळहाताएवढ्या ताटलीत ८ गुणिले १२, म्हणजे ९६ वाट्या. वाटीच्या तळाला अँटिबॉडी नावाचे प्रथिन बसवलेले असते. ते रक्तातला हवा तोच पदार्थ पकडते. बाकीचे सारे धुऊन टाकतात. मग रंग आणणारी द्रव्ये घालतात आणि रंग किती चढला ते यंत्र मोजते. ही एलायझा पद्धत एव्हा एंगवाल आणि पेटर पेर्लमान यांनी स्टॉकहोमला १९७१ साली मांडली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२० साली तयार केलेली 'कोविड कवच' तपासणी याच जातीची. तीत अडीच तासांत ९० नमुने तपासता येत.

आता अडचण पाहा. प्लॅस्टिकचा स्वभाव तेलकट. त्यावर पाणी म्हणजे अळवावरचे पाणी. आपले पूर्वज शनवार तेली. तेलापाण्याचे वैर आपल्याला नव्याने सांगायला नको. नुसत्या प्लॅस्टिकवर प्रथिने चिकटतात खरी, पण कशीही: काही उलटी, काही आकार मोडून. पकडणारा हातच खाली दबला तर तो पकडणार काय?

म्हणून प्लॅस्टिकचा वरचा थर रसायनाने बदलतात. जर्मनीत श्टुटगार्टजवळ झिंडेलफिंगेन हे मोटारींचे गाव आहे. डाइमलरचा कारखाना तेथे १९१५ साली सुरू झाला. मोटारीच्या प्लॅस्टिकच्या बंपरवर रंग नीट धरत नाही, म्हणून मोटारधंद्यात रंगापूर्वी त्यावर ज्योत किंवा प्लाझ्मा, म्हणजे विजेने चेतवलेला वायू, फिरवतात. तपासणीच्या वाटीलाही हीच युक्ती लागू पडते. प्लाझ्माने पृष्ठभागावर ऑक्सिजनचे अणू जोडले जातात आणि तो पाण्याला जवळ करतो. मग त्यावर रासायनिक आकडे बसवून अँटिबॉडी पक्की बांधतात. उरलेली मोकळी जागा दुधातल्या केसीनसारख्या प्रथिनाने झाकतात, म्हणजे नको ते पदार्थ चिकटत नाहीत.

अशा आकड्यांची एक प्रसिद्ध जोडी म्हणजे स्ट्रेप्टाव्हिडिन आणि बायोटिन. ही जोडी सहसा सुटत नाही, म्हणून थायरॉइडच्या व हृदयाच्या कित्येक तपासण्यांत ती वापरतात. परंतु बायोटिन हे एक जीवनसत्त्वही आहे, आणि केसांसाठी व नखांसाठी त्याच्या गोळ्या मिळतात. रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम. गोळीत मात्र ५,००० किंवा १०,००० असू शकतात. रक्तातले हे जादा बायोटिन वाटीतले आकडे अडवून बसते, आणि निकाल तपासणीप्रमाणे खोटाच जास्त किंवा खोटाच कमी येतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला. हृदयाच्या ट्रोपोनिन तपासणीचा आकडा चुकीने कमी आल्यानंतर एक रुग्ण दगावल्याचे त्यात नमूद होते.

जेवणातल्या बायोटिनची काळजी नको. पण गोळ्या घेत असाल तर रक्त देण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा आणि किती दिवस बंद ठेवायच्या ते त्यांनाच विचारा. छातीत दुखून इस्पितळात जावे लागले तर हे आधी सांगा. डबीवरील अक्षर बारीक असते. नातवंडांकडून वाचून घ्या.

सर्वांना आरोग्य लाभो.