हैदराबादच्या तळ्यांतील माशांचे वय आणि मरण

मृग नक्षत्र लागले की हैदराबादच्या मासळीबाजारात झुंबड उडते. त्या दिवशी मासे खावेत, असा तेथील प्रघात आहे. दम्यावरचा उतारा म्हणून मरळीचे जिवंत पिल्लू औषधासह गिळण्यासाठी नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर हजारो लोक रांगा लावतात. या उपचाराला वैद्यकीय पुरावा नाही. मरळीचा मान मात्र वादातीत आहे. गोव्याने २०१६ मध्ये शेवट्याला राज्य मासा ठरवले, त्याच वर्षी तेलंगणाने तो मान मरळीला दिला. तेलुगूत तिला कोर्रमीनू म्हणतात.

बाजारात माशाची किंमत वजनावरून ठरते. तळ्याची स्थिती कळण्यासाठी मात्र वय कळावे लागते आणि ते लांबीवरून सांगता येत नाही. भरपूर अन्न मिळालेला वर्षभराचा मासा आणि गर्दीत खुरटलेला तीन वर्षांचा मासा सारख्याच लांबीचे असू शकतात. म्हणून अभ्यासक खवले पाहतात. मासा वाढतो तसा खवलाही कडेने वाढतो आणि त्यावर बारीक वलये उमटतात. वाढ मंदावली की ती दाटीवाटीने पडतात. झाडाच्या खोडातील वर्षवलयांसारखीच ही खूण. कानातील चुनखडीच्या खड्यांवरही अशी वलये असतात. घोळ माशाच्या डोक्यात सापडणारे पांढरे खडे ते हेच.

थंड प्रदेशात हिवाळा ही खूण नेमाने उमटवतो. दख्खनच्या पठारावर तशी गोठवणारी थंडी नाही. येथे उन्हाळ्यात आटणारे पाणी, अन्नाची टंचाई आणि पावसाळ्यातील विणीचा ताण यांमुळे वाढ खुंटते. ही खूण वर्षातून एकदाच पडते की दोनदा, हे वर्षभर दरमहा नमुने तपासूनच ठरवावे लागते. ही खातरजमा टाळली, तर दोन वर्षांचा मासा चार वर्षांचा ठरायचा!

वय कळले की वाढीचा आलेख काढता येतो. लुडविग फॉन बर्टलन्फी यांनी १९३८ मध्ये मांडलेले समीकरण यासाठी आजही वापरतात. मासा आरंभी झपाट्याने लांब होतो आणि कमाल लांबीजवळ येताना मंदावत जातो, हे त्याचे सार. अनुकूल पाण्यात कटला पहिल्याच वर्षी किलोच्या आसपास पोहोचतो. म्हणून तो चार महिन्यांत पकडणे म्हणजे उभे पीक कापणे.

मरणाचाही हिशेब असतो. रोग, भक्षक व म्हातारपण यांमुळे होणारी घट आणि जाळ्यामुळे होणारी घट यांची बेरीज म्हणजे एकूण मृत्युदर. त्याचा गुणांक १ असेल, तर हजार माशांपैकी वर्षाअखेर ३६८ आणि दुसऱ्या वर्षाअखेर १३५ उरतात. डॅनियल पॉली यांनी १९८० मध्ये १७५ मत्स्यसाठ्यांची माहिती ताडून दाखवले, की नैसर्गिक मृत्युदराचा संबंध माशाच्या वाढीशी आणि पाण्याच्या तापमानाशी असतो. उबदार पाण्यात जीवनाची गतीच जलद. वाढ लवकर, मरणही लवकर.

हैदराबादच्या परिसरात मात्र हे गणित वेगळ्याच कारणाने कोलमडते. रोहू, कटला यांना विणीसाठी वाहते पाणी लागते. त्यामुळे तळ्यांत त्यांचे बीज बाहेरून आणून सोडतात. तेलंगणा सरकार २०१६ पासून ते मच्छीमारांना मोफत देत आले आहे. पुढे कित्येक महिने मच्छीमाराने करायचे ते वाट पाहण्याचे. अशा वेळी सांडपाण्याने शेवाळ माजते, रात्री तेच शेवाळ पाण्यातील प्राणवायू ओढून घेते आणि पहाटेपर्यंत तळ्यावर पांढरी पोटे तरंगू लागतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये शहराच्या वायव्येकडील गंडीगुडेम तलावात मोठ्या प्रमाणावर मासे मेले. औषध कारखान्यांच्या सांडपाण्यामुळे हे घडल्याचा आरोप तेव्हा मच्छीमारांनी केला होता.

नैसर्गिक मरण पिल्लांना अधिक गाठते, जाळे मोठ्यांना. विषारी किंवा प्राणवायूहीन पाणी वय पाहत नाही. अशा तळ्यातील रोहूचे खवले नंतर तपासले, तर बहुतेक मासे दुर्घटनेनंतर सोडलेल्या बीजाचेच निघतील. त्याआधीची वर्षे खवल्यांवर सापडणारच नाहीत. मरळ कधीकधी तगते, कारण ती पृष्ठभागावर येऊन हवेतून श्वास घेते. परंतु ही सोय प्राणवायूच्या तुटवड्यापुरतीच आहे. पाण्यात विष उतरले, तर तीही वाचत नाही.