वऱ्हाडच्या हवेत गोळी, गाठी आणि चॉकलेट

साखरेचा पाक आटत गेला की त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एक तर तो साखरतो, म्हणजे विरघळलेली साखर पुन्हा दाणा धरते. नाहीतर दाणा न धरता तो काचेसारखा पारदर्शक गोठतो. गाठी, बत्तासे, इलायचीदाणे आणि साखरफुटाणे पहिल्या वाटेने तयार होतात, संत्र्याच्या चवीची रंगीत गोळी दुसऱ्या. चॉकलेटात साखरेऐवजी कोकोच्या लोण्याचा दाणा सांभाळावा लागतो. लहान प्रमाणावर हा धंदा करणाऱ्याचे बहुतेक नुकसान दाणा नको तिथे धरल्याने किंवा हवा तिथे न धरल्याने होते. वऱ्हाडात त्यात हवेची भर पडते: उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि श्रावणात भिंतींनाही ओल धरते.

याचे उदाहरण म्हणून कौंडण्यपूर घेऊ. हे गाव अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी वसले आहे. रुक्मिणीचे माहेर आणि विदर्भाची प्राचीन राजधानी म्हणून ते ओळखले जाते. नदीपलीकडे वर्धा जिल्ह्याचा आर्वी तालुका लागतो, त्यामुळे इथल्या यात्रेला दोन्ही जिल्ह्यांतले गिऱ्हाईक मिळते. कार्तिकात यात्रा भरते आणि दहीहंडीने तिचा कळस होतो. आषाढीसाठी रुक्मिणीची पालखी इथून पंढरपूरला जाते. परंपरा तिचा आरंभ १५९४ सालचा सांगते.

अशा ठिकाणी माल कोणता आणि कधी करायचा हे पंचांग पाहून ठरवावे लागते. कार्तिकातली हवा कोरडी, रात्री गार, त्यामुळे यात्रेच्या दिवसांत कोणताही जिन्नस नीट जमतो. कार्तिकी एकादशीचा उपास तोवर होऊन गेलेला असतो, म्हणून हरभऱ्याचे फुटाणेही प्रसाद म्हणून मोकळेपणाने विकले जातात; एकादशीलाच माल विकायचा तर मात्र बत्तासे आणि इलायचीदाणेच हाताशी ठेवावेत. मार्गशीर्षापासून माघापर्यंत चॉकलेटाचे आणि संक्रांतीच्या हलव्याचे दिवस. फाल्गुनात गाठी. वऱ्हाडात होळीला लहान मुलांच्या गळ्यात गाठी घालतात आणि पाठोपाठ पाडव्याच्या गुढीलाही ती लागते, त्यामुळे गाठीची भट्टी होळीच्या आधी महिनाभर तरी पेटलेली हवी. चैत्र-वैशाखात चॉकलेट बंद ठेवावे. कडक गोळीला कोरडे ऊन बाधत नाही. पावसाळ्यात गोळीचा मोठा घाणा करू नये. वर्षभर एकच माल करायचा हट्ट या मुलखात परवडत नाही.

आता पाक. एक किलो साखरेला साधारण तीनशे ते साडेतीनशे मिलीलिटर पाणी पुरते. साखर पूर्ण विरघळेपर्यंत आच मंद ठेवायची आणि ढवळायचे ते तेवढ्यापुरतेच. उकळी फुटल्यावर गोळीच्या पाकात झारा घालू नये. कढईच्या कडेला उडालेले थेंब वाळून दाणा धरतात आणि त्यातला एखादा पाकात पडला की सगळा घाणा साखरतो. म्हणून ओल्या कापडाने किंवा ओल्या कुंचल्याने कडा पुसत राहायचे. जुने हलवाई बोटांमध्ये तार ओढून किंवा गार पाण्याच्या वाटीत थेंब टाकून पाक ओळखतात. ही ओळख शिकण्यासारखी आहे, पण रोजचा माल एकसारखा हवा असेल तर तापमापी घ्यावाच. ११२ ते ११६ अंश सेल्सिअसला पाण्यातला थेंब मऊ गोळी होतो, १२१ ते १३० ला घट्ट गोळी. १४६ ते १५४ ला तो पाण्यात पडताच कडकतो आणि दातांखाली टचकन तुटतो. तापमापीची परीक्षा उकळत्या पाण्यात अधूनमधून घ्यावी. त्याचा काटा दोन-तीन अंशांनी चुकला तरी गोळी चिकट निघते.

पारदर्शक गोळीसाठी एक किलो साखरेला तीनशे ते चारशे ग्रॅम लिक्विड ग्लुकोज घालतात. हा मक्याच्या स्टार्चपासून केलेला घट्ट पाक साखरेच्या कणांना एकत्र येऊन दाणा धरू देत नाही. घरगुती पद्धतीत लिंबू पिळतात, त्याचेही काम तेच: आम्लामुळे थोडी साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. मात्र लिंबू किती आंबट आणि पाक किती वेळ उकळला, यावर ही फूट कमीजास्त होते. जास्त फुटली तर गोळी हवेतली ओल ओढून पाघळते. म्हणून विक्रीच्या मालाला ग्लुकोज बरे. आंबट चवीचे सायट्रिक आम्ल, किलोला दहा ग्रॅमच्या आसपास, पाक आचेवरून उतरवून किंचित निवल्यावरच घालायचे. रंग आणि अर्कही तेव्हाच. उकळत्या पाकात घातलेला अर्क वाफेबरोबर उडून जातो.

मग तेलाचा हात फिरवलेल्या संगमरवरी किंवा स्टीलच्या पाटावर पाक ओतायचा. कडा लवकर निवतात, म्हणून सुरीने त्या आत दुमडत राहायच्या. कणकेसारखा वळता येऊ लागला की लगेच हाताच्या यंत्रातून, म्हणजे साच्याच्या दोन रुळांमधून, तो काढायचा. वेळ थोडा असतो. उशीर झाला तर लादी तडकते. या कामात दोन माणसे लागतातच. दीडशे अंशांचा पाक कातडीला चिकटतो आणि निघत नाही. त्यामुळे पूर्ण बाह्यांचा सुती कपडा, बंद पायताण आणि शेजारी गार पाण्याची बादली हवी. मुलांना भट्टीपाशी येऊ देऊ नये, मग घरचा धंदा कितीही घरचा असो.

गाठीचे तंत्र नेमके उलटे. इथे दाणा हवाच असतो, म्हणून ग्लुकोज नाही. पाकात चमचा-दोन चमचे दूध सोडले की ते फाटते आणि साखरेतला मळ धरून वर येते. ती मळी झाऱ्याने काढत गेले की पाक स्वच्छ होतो. पाक गोळीबंद झाला की कढईच्या कडेवर पळीने घोटायचा. घोटल्याने तो ढगाळ होतो, दाणा धरू लागतो. त्याच घटकेला तो लाकडी साच्यात गेला पाहिजे. साचे दोन फळ्यांचे असतात. त्यांच्या खळग्यांमधून दोरा आधीच ओवून ठेवतात, फळ्या करकचून बांधतात आणि वापरण्याआधी त्या पाण्यात भिजवतात, म्हणजे साखर लाकडाला धरत नाही. निवल्यावर फळ्या उकलल्या की दोऱ्यात बसलेली पदकांची माळ सुटी होते. घोटणे कमी पडले तर गाठी ओली राहून दोऱ्यावरून घसरते, जास्त झाले तर पाक कढईतच थिजतो. ही घटका कोणताही तापमापी सांगत नाही, ती पाहून पाहूनच कळते, आणि म्हणूनच गाठीचा चांगला कारागीर भट्टीवर टिकवून ठेवावा, त्याची मजुरी कापू नये.

गाठी पांढरीशुभ्र दिसावी म्हणून काही ठिकाणी हायड्रोस नावाचे कापड-उद्योगातले विरंजक टाकतात. ते टाळावे. त्यातून मालात राहणारा सल्फाइटचा अंश दम्याच्या रुग्णाला त्रास देतो आणि गाठी खातात ती लहान मुले. चांगली साखर आणि नीट काढलेली मळी यांनी येणारा पांढरेपणा पुरेसा असतो. रंगांचेही तसेच. खाद्यपदार्थांसाठी परवानगी असलेले कृत्रिम रंग मोजके आहेत आणि गोळ्यांमध्ये त्यांची कमाल मर्यादा दशलक्ष भागांत शंभर भाग आहे, म्हणजे किलोला एक दशांश ग्रॅम. चिमटीने मोजून हे जमत नाही. रंगाचे ठरावीक ताकदीचे द्रावण करून ते मिलीलिटरने घालावे. यात्रेत विकल्या जाणाऱ्या ‘बुढ्ढी के बाल’मध्ये ऱ्होडामाइन-बी हा कापडाचा रंग सापडल्यामुळे फेब्रुवारी २०२४ मध्ये पुदुच्चेरी आणि तमिळनाडूने त्याच्या विक्रीवर बंदी आणली होती.

बत्तासा सोपा: घोटलेल्या घट्ट पाकात चिमूटभर खाण्याचा सोडा, आणि कापडावर थेंब. फुटाणा वेळखाऊ. भाजलेले हरभरे कढईत हलते ठेवून त्यांच्यावर पातळ पाकाची एकेक धार सोडायची, ती वाळली की पुढची. घाई केली तर दाणे एकमेकांना चिकटतात. संक्रांतीच्या हलव्याचे तंत्र हेच, फक्त आत तीळ आणि आच निखाऱ्याइतकी मंद.

अमरावती जिल्ह्याची खरी देणगी संत्रे. वरुड, मोर्शी आणि चांदूर बाजारचा पट्टा संत्र्याचा आहे आणि ‘नागपुरी संत्रा’ला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नवखा व्यावसायिक संत्र्याचा रस थेट गोळीच्या पाकात घालू पाहतो. ते जमत नाही. रसातले पाणी आटवताना चव जळते, आणि त्यातली फळसाखर व आम्ल यांमुळे गोळी दुसऱ्याच दिवशी पाघळते. संत्र्याचा वास सालीतल्या तेलात असतो, म्हणून गोळीला सालीचे तेलच वापरावे. रस काढून उरलेल्या सालीची कँडी मात्र इथल्या छोट्या व्यावसायिकाने जरूर करावी. साली दोन-तीनदा पाणी बदलून उकळायच्या, म्हणजे कडवटपणा उतरतो. मग त्या आधी पातळ पाकात मुरवायच्या आणि रोज पाक थोडा थोडा घट्ट करत न्यायचा. पहिल्याच दिवशी दाट पाकात टाकल्या तर आतले पाणी एकदम बाहेर ओढले जाते आणि साल आक्रसून चामड्यासारखी होते. आवळा कँडीचीही रीत हीच. वाळवलेली साल अर्धी चॉकलेटात बुडवली की हिवाळ्यातला सर्वांत चांगला माल तयार होतो, आणि तो मोठ्या कारखान्यांच्या मालापेक्षा वेगळा असल्याने त्याला भावही मिळतो.

चॉकलेट बियांपासून करण्याच्या भानगडीत लहान व्यावसायिकाने पडू नये. तयार लादी आणून ती वितळवून साच्यात घालणे हेच त्याचे काम. लाद्या दोन जातींच्या येतात. एकीत कोकोचे लोणी असते. दुसरीत, जिला बाजारात कंपाउंड म्हणतात, त्याऐवजी वनस्पती चरबी असते. कंपाउंड स्वस्त असते, नुसते वितळवून गोठवले तरी चमकते, आणि उन्हात थोडे जास्त तग धरते. कोकोच्या लोण्याची लादी ३३-३४ अंशांना वितळते, म्हणून ती जिभेवर विरघळते आणि वऱ्हाडच्या दुपारी खिशातही. सुरुवात कंपाउंडने करायला हरकत नाही, पण वेष्टनावर तसे लिहावे. कंपाउंड विकून गिऱ्हाइकाला चॉकलेट म्हणून सांगू नये.

अस्सल चॉकलेटाला टेंपरिंग लागते. कोकोचे लोणी सहा प्रकारे दाणा धरू शकते. त्यातला एकच प्रकार चकाकतो आणि टचकन तुटतो. तो धरावा म्हणून डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवतात, ढवळत २७-२८ पर्यंत उतरवतात आणि पुन्हा ३१-३२ पर्यंत चढवतात; मिल्क चॉकलेटला शेवटची पायरी २९-३० ची. खोली विशीच्या आसपास हवी. कौंडण्यपुरात वातानुकूलन नसेल तर हे काम डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे उरकावे. भांड्यात पाण्याचा एक थेंब पडला तरी चॉकलेट घट्ट गोळा होते, म्हणून साचे, पळ्या आणि हात कोरडे ठक्क असावेत. तयार माल उघडा फ्रिजमध्ये ठेवला तर बाहेर काढताच त्यावर दव धरते आणि साखरेचे पांढरे डाग उमटतात. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि डबा बाहेरच्या हवेला आल्यावर मगच उघडावा. अमरावतीच्या दुकानात माल पोचवायचा तर पहाटेची गाडी आणि थर्माकोलचा डबा.

भाव ठरवताना साखरेच्या किमतीवर थांबू नये. गॅस, वीज, ग्लुकोज, वेष्टन, फुटलेला माल आणि घरच्या माणसांची मजुरी या सगळ्यांचा दर किलोला आकडा काढावा. वेष्टन गुंडाळायला लागणारे तास बहुतेक जण धरतच नाहीत, आणि तिथेच नफा जातो. मालेगाव तालुक्यातल्या रावळगावचा दाखला इथे महत्त्वाचा आहे. वालचंद हिराचंदांनी १९३३ मध्ये उभारलेल्या साखर कारखान्याने १९४२ पासून गोळ्या केल्या. पान पसंद आणि मँगो मूड घरोघरी पोचले. तरी फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीला हे ब्रँड २७ कोटी रुपयांना रिलायन्सच्या कंपनीला विकावे लागले. सुट्या गोळीची किंमत नाण्याला बांधलेली असते आणि खर्च वाढला तरी ती सहज वाढवता येत नाही. लहान व्यावसायिकाने या शर्यतीत उतरूच नये. त्याने वजनावर, पाव किलोच्या पुड्यावर किंवा प्रसादाच्या पाकिटावर विक्री करावी, म्हणजे भाव त्याच्या हातात राहतो.

कागदपत्रे फारशी अवघड नाहीत. अन्नसुरक्षा परवान्याच्या २०११ च्या नियमांत वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांसाठी साध्या नोंदणीची सोय असून तिचे शुल्क वर्षाला शंभर रुपये ठेवले होते. पुड्यावर घटक, निव्वळ वजन, बॅच, तयार केल्याची तारीख, किंमत, नोंदणी क्रमांक आणि शाकाहारी खूण हवी. दूध, शेंगदाणे किंवा काजू असल्यास तेही ठळक लिहावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून गोळ्या आणि चॉकलेट दोन्हींवर जीएसटी ५ टक्के झाला आहे. आधी चॉकलेटवर तो १८ टक्के होता. पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत यंत्रसामग्रीसाठी ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदानाची सोय ठेवली होती, पण अशा अनुदानाच्या भरवशावर सुरुवातीलाच मोठे यंत्र घेऊ नये. एक हंगाम हाताने काढला की कोणते यंत्र खरोखर लागते ते कळते.

यात्रा उठल्यावर उरलेल्या मालाची त्याच दिवशी निवड करावी. न पाघळलेल्या गोळ्या, गाठी आणि फुटाणे हवाबंद पत्र्याच्या डब्यांत भरून पुढच्या बाजाराला नेता येतात. गाठी-बत्तास्यांचा स्वच्छ चुरा पाण्यात विरघळवून, मळी काढून पुन्हा पाकाला लावता येतो. आंबट गोळ्यांचा चुरा मात्र नव्या घाण्यात थोडाच मिसळावा, कारण त्यातले आम्ल दुसऱ्यांदा तापल्यावर नव्या साखरेलाही फोडते. पांढरे डाग पडलेले चॉकलेट खराब झालेले नसते. ओल लागली नसेल तर ते वितळवून, पुन्हा टेंपर करून संत्र्याच्या सालींसाठी वापरावे.