देहूत परदेशी पाहुणा आला, तर इंग्रजीत काय सांगाल?

टुरिझम-इव्हेंटच्या विद्यार्थ्यांनो, इंग्रजीच्या सरावाला देहू उत्तम! 🙏

✅ ओळख: तुकाराम महाराज १७व्या शतकातले संतकवी, देहू त्यांचं गाव, शेजारी इंद्रायणी नदी. तीन छोटी वाक्यं पुरेत.

✅ सूचना: ‘प्लीज रिमूव्ह युअर शूज हिअर.’ पाठोपाठ कारणही सांगा. पाहुणा मनापासून पाळतो.

✅ वेळ: तुकाराम महाराजांची पालखी देहूतून ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते. पाहुण्याला त्या वर्षीची इंग्रजी तारीख, जमण्याची जागा आणि वेळ सांगा, शिवाय मेसेजवर लिहून पाठवा.

✅ गाथा मंदिर: भिंतींवर तुकाराम महाराजांचे अभंग कोरलेले आहेत. एकाच अभंगाचा आशय सोप्या शब्दांत सांगा.

✅ उत्तर येत नसेल तर ‘लेट मी चेक’ म्हणा, अंदाज ठोकू नका.

उच्चारापेक्षा स्पष्टता महत्त्वाची. रोज दहा मिनिटं मोठ्यानं बोला!